संशोधनाच्या अनुभवाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ : आधी आवाज, मग चित्र

विज्ञान दिनाची स्पर्धा असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की विभागाचं फेसबुक पान, "तुमच्या संशोधनाच्या अनुभवावर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवा" असं हल्ली विद्यार्थ्यांना सर्रास सांगितलं जातं. कसा करायचा, ते कुणी सांगत नाही. मग शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मोबाइल बाहेर निघतो. कॉलेजच्या फाटकापासून चित्रण सुरू होतं, मधे उगाच रंकाळा तलाव येतो, पांढरा कोट घालून प्रबंधाचा सारांश वाचला जातो आणि मागे बासरी वाजत राहते. व्हिडिओ संपतो तेव्हा विषयाचं नाव कळलेलं असतं. विद्यार्थ्याने नेमकं काय केलं, कुठे अडला, हे कळायचं राहूनच जातं.

याला कॅमेरा जबाबदार नसतो, कामाचा क्रम जबाबदार असतो. बहुतेक जण आधी दिसेल ते टिपतात आणि मग त्यावर काय बोलायचं ते शोधत बसतात. याच्या बरोबर उलट करायचं: आधी सांगायचं वाक्य, मग बोलणं, मग ते बोलणं रेकॉर्ड, आणि त्यानंतर चित्रण. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. समजा, करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर एम.एस्सी.ची विद्यार्थिनी काम करते आहे. उसाचा रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस वापरला तर मळी (रसावर येणारी घाण) किती निघते आणि गुळाला रंग कसा येतो, हा तिचा विषय. गूळ करणारा कारागीर तो गुळव्या, आणि रस उकळायची मोठी कढई ती काहिल.

## पायरी १ : अडलेली जागा शोधा

"गूळनिर्मितीतील वनस्पतिजन्य शोधकांचा तुलनात्मक अभ्यास" हे प्रबंधाचं नाव झालं (शोधक म्हणजे रस साफ करणारा पदार्थ). त्यावर व्हिडिओ होत नाही. बघणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: तुम्ही काय समजून कामाला लागलात, तिथे काय वेगळंच निघालं, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत. या तिन्ही एका वाक्यात बसवा. आपल्या विद्यार्थिनीचं वाक्य असं होईल:

"बीकरमध्ये भेंडीचा रस कधीही घातला तरी चालतो असं मला वाटत होतं, काहिलीवर गुळव्याने मला थांबवलं, आणि मी माझ्या प्रयोगातली वेळच बदलली."

हे वाक्य प्रबंधात सापडणार नाही. प्रयोगवही उघडा आणि खाडाखोड झालेली पानं बघा. गाइडना रात्री पाठवलेले "सर, रीडिंग जुळत नाहीये" छापाचे मेसेज बघा. गोष्ट तिथेच असते. प्रयोग फसला असेल तरी हरकत नाही. उलट फसलेल्या प्रयोगाचे व्हिडिओ जास्त बघवतात, कारण त्यात माणूस विचार करताना दिसतो.

तपासा : हे वाक्य दुसऱ्या शाखेच्या मित्राला वाचून दाखवा. त्याने "मग पुढे काय झालं?" विचारलं तर वाक्य चाललं. "भारी आहे" म्हणून तो चहा मागवायला लागला, तर परत वहीकडे जा.

याच वेळी नियमावली दोनदा वाचून काढा. कमाल वेळ किती, भाषा कोणती, व्हिडिओ आडवा हवा की उभा, फाइल पाठवायची की लिंक, चेहरा दिसणं सक्तीचं आहे का. आडव्यासाठी टिपलेलं चित्रण नंतर उभ्या चौकटीत बसवताना दोन्ही बाजू कापल्या जातात, त्यामुळे हा निर्णय शेवटावर ढकलू नका.

## पायरी २ : परवानग्या घ्या, लेखी घ्या

ही पायरी सगळे वगळतात, आणि तयार झालेला व्हिडिओ अडतो तोही इथेच.

पहिली परवानगी गाइडची. तुमचं काम अजून छापून आलेलं नसेल तर कोणते आकडे, कोणते आलेख दाखवायचे हे त्यांना विचारा. पेटंटची थोडी जरी शक्यता असेल तर जास्तच जपा. भारतीय पेटंट कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, अर्जाआधी जाहीर झालेल्या गोष्टीचं नावीन्य गेलं असं धरलं जातं. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ म्हणजे जाहीर करणंच. अशा वेळी नेमकी कृती, प्रमाण आणि उपकरणाची आतली रचना व्हिडिओत घेऊ नका. अनुभव सांगायला त्यांची गरजही पडत नाही.

दुसरी परवानगी चौकटीत येणाऱ्या माणसांची. गुऱ्हाळमालकाने हो म्हटलं म्हणजे गुळव्याने आणि चुलाणात चिपाड सारणाऱ्याने (काहिलीखाली जाळ घालणाऱ्याने) हो म्हटलं असं होत नाही. प्रत्येकाला विचारा. हा व्हिडिओ कुठे दिसणार आहे ते सांगा आणि साध्या मराठीत चार ओळींच्या कागदावर सही घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवा आणि त्यांचा होकार मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. लहान मुलं दिसणार असतील तर पालकांची संमती लागते. रुग्णांवर किंवा शाळकरी मुलांवर संशोधन असेल तर प्रकल्पाच्या नैतिकता समितीने दिलेली मान्यता चित्रणालाही लागू आहे असं परस्पर धरू नका.

तिसरी परवानगी जागेची. राधानगरी अभयारण्यात काम असेल तर नमुने गोळा करण्याची परवानगी आणि चित्रणाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी वन विभागाला विचारा. पठारावरच्या कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी फुलाचा जवळचा शॉट जरूर घ्यावा, पण पाठीमागे ओळखू येणारा कडा, मंदिर, पाटी येऊ देऊ नये. मोबाइल कॅमेऱ्यातली लोकेशनची खूण बंद करावी. जागा कळली की कंद उपटून नेणारे पोचतात.

सावध : ड्रोनचा मोह बहुतेक वेळा सोडलेलाच बरा. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ शहराच्या आणि शिवाजी विद्यापीठाच्या जवळच आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार लाल, पिवळा आणि हिरवा असे हवाई विभाग ठरवलेले आहेत. नकाशा न बघता उडवलं तर अडचणीत याल. आणि खरं सांगायचं तर अनुभवाच्या व्हिडिओत वरून दिसणाऱ्या इमारतीचं काय काम?

## पायरी ३ : बोलायचं ते कागदावर उतरवा

निवांत, समजेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांत ३५० च्या आसपास. पण मधे दुसरं कुणी बोलणार, काहिलीचा आवाज येऊ द्यायचा, एखाद्या ठिकाणी गप्प राहायचं. त्यामुळे तुमचे स्वतःचे शब्द ३०० च्या आत ठेवा. पहिला मसुदा ७०० शब्दांचा होतो. मान्यवर, प्रस्तावना आणि आभार काढले की तो आपोआप अर्धा होतो.

सुरुवात नाव-गाव-कॉलेजने करू नका. हे सगळं पडद्यावर खालच्या पट्टीत चार सेकंदात येतं. ही नेहमीची सुरुवात बघा:

"नमस्कार, मी अमुक, तमुक महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागात शिकत असून माझ्या संशोधनाचा विषय…"

आणि ही दुसरी:

"रस उकळायला लागला होता. मी भेंडीचा रस ओतायला पुढं झाले, तेवढ्यात मामांनी माझा हात धरला. म्हणाले, आता घालून काय उपयोग? मळी वर यायची वेळ गेली की."

मामा म्हणजे तोच गुळव्या. दुसरीत विषय, जागा, माणसं आणि अडचण चार ओळींत आली, आणि बघणारा पुढे काय होतं म्हणून थांबला. संशोधनाची पार्श्वभूमी त्यानंतर सांगा: रस तापताना त्यातली घाण फेसासारखी वर येते, भेंडीचा चिकट रस ती एकत्र बांधतो आणि मग ती झाऱ्याने काढता येते. तीन वाक्यं बास. बाकीचं प्रबंधात आहेच.

शेवटही तितकाच आटोपशीर हवा. "आता मी रस कोमट असतानाच नोंद सुरू करते, पुढच्या हंगामात तीन गुऱ्हाळांवर हेच करून बघायचं आहे" इतकं सांगून थांबा. "संशोधनाने मला जीवनाकडे बघण्याची दृष्टी दिली" हे वाक्य इतक्या व्हिडिओंत असतं की परीक्षक ते ऐकण्याआधीच पुढचा व्हिडिओ उघडतात.

भाषेबद्दल एक. नियमावलीत प्रमाण मराठीची अट नसेल तर आपल्या बोलीत बोला. कोल्हापूरची मुलगी "मी गुऱ्हाळावर गेलतो" म्हणाली तर ते कापू नका, सुधारून पुन्हा वदवून घेऊ नका. घासूनपुसून बोलायला लावलं की तेवढ्याच मिनिटात माणूस वाचायला लागतो आणि आवाज सपाट होतो. तांत्रिक शब्द मात्र कायम एकच ठेवा. एकदा "शोधक", एकदा "क्लॅरिफायर", एकदा "भेंडीचं पाणी" असं झालं की ऐकणाऱ्याला तीन वस्तू वाटतात.

तपासा : मजकूर मोठ्याने वाचा, घड्याळ लावा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

## पायरी ४ : आवाज रेकॉर्ड करा

हलणारं, थोडं अंधारं चित्र लोक सहन करतात. खरखरीत, घुमणारा आवाज दहा सेकंदही सहन करत नाहीत. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

1. खोली निवडा. प्रयोगशाळा आणि रिकामा वर्ग या सगळ्यात वाईट जागा. फरशी, काच आणि ओट्यांमुळे आवाज घुमतो. गाद्या, कपड्यांचं कपाट, पडदे असलेली छोटी खोली चांगली. हॉस्टेलवर असाल तर चक्क कॉटवर बसून अंगावरून रजई घ्या. हसतील लोक, हसू द्या.
2. पंखा, फ्रिज, कॉम्प्युटर बंद करा. पावसाळा असेल आणि वर पत्रा असेल तर सर थांबेपर्यंत थांबा; कोल्हापूरचा पाऊस नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुसला जात नाही.
3. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा. नेमका समोर धरला तर "प", "फ", "भ" म्हणताना फुंकर बसते. कॉलरचा माइक असेल तर तो छातीवर लावा आणि ओढणी किंवा जॅकेट त्याला घासत नाही ना बघा.
4. एका दमात सगळं म्हणू नका. परिच्छेद संपला की थांबा, चुकलात तर पूर्ण वाक्य परत म्हणा. अर्ध्यातून उचललेलं वाक्य जोडताना कळतं.
5. शेवटी अर्धा मिनिट गप्प बसून फक्त खोलीचा आवाज टिपा. दोन वाक्यांमधलं अंतर भरायला तो लागतो. पूर्ण शांतता टाकली तर मोबाइल बंद पडल्यासारखं वाटतं.

तपासा : हेडफोन लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर दोष लपतात.

## पायरी ५ : कोणत्या वाक्यावर काय दिसणार, ते ठरवा

आता वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे रेकॉर्ड केलेली वाक्यं, उजवीकडे प्रत्येकासमोर काय दिसेल ते. "मामांनी माझा हात धरला" यासमोर काहिलीच्या काठावरचे दोन हात. "मळी वर येते" यासमोर झाऱ्यावर जमणारा काळपट फेस, अगदी जवळून. "मी वेळ बदलली" यासमोर प्रयोगवहीतलं खोडलेलं पान. ज्या वाक्यासमोर काहीच सुचत नाही ते वाक्य बहुधा पोकळ असतं. ते काढून टाकता येतं का बघा.

इथे एका खोटेपणाबद्दल सांगायलाच हवं. संशोधन कसलंही असो, व्हिडिओत कुणीतरी एका चंबूतून दुसऱ्या चंबूत निळं पाणी ओततं. मोरचूद कॅमेऱ्यासमोर सुंदर दिसतं, पण तुमच्या कामाशी त्याचा संबंध नसेल तर तो अभिनय झाला, आणि बघणारे प्राध्यापक तो लगेच ओळखतात. झालेला प्रसंग पुन्हा करून दाखवत असाल तर कोपऱ्यात "पुन्हा करून दाखवलेले" इतकं लिहा. खरं काम करताना हातमोजे आणि चष्मा लागत असेल तर चित्रणातही तो घालाच.

## पायरी ६ : चित्रण

हंगाम आधी बघा. गुऱ्हाळं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात आणि पावसाळ्यात बहुतेक बंद असतात. व्हिडिओ ऑगस्टमध्ये द्यायचा आणि चित्रण तेव्हाच करू म्हटलं तर थंड चुलाण मिळेल. पूर, पेरणी, फुलांचा बहर, शाळांच्या परीक्षा, प्रत्येक विषयाला असा हंगाम असतो. म्हणून कामावर जाताना रोज दोन-तीन शॉट घेत राहा. नंतर मागे जाऊन टिपता येत नाही.

मोबाइल तयार करा. व्हिडिओचा दर्जा १०८० पी (फुल एचडी) पुरेसा आहे. फोनच्या सेटिंगनुसार मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा खाते, तेव्हा निघण्याआधी जागा रिकामी करा. लेन्स सुती कापडाने पुसा. पॉवर बँक घ्या. पुढचा सेल्फी कॅमेरा वापरू नका, मागचा वापरा.

प्रत्येक गोष्ट तीन अंतरांवरून घ्या. लांबून जागा, मधून माणूस, जवळून हात. दर वेळी बटण दाबल्यावर दहा सेकंद अजिबात हलू नका. फिरवत-फिरवत घेतलेला "सगळं आलं पाहिजे" छापाचा शॉट कापता येत नाही आणि वापरताही येत नाही.

गुऱ्हाळावर खरी अडचण वाफेची. रस उकळायला लागला की काहिलीवर पांढरा पडदाच उभा राहतो. मोबाइल त्यात धरला की लेन्सवर थेंब जमतात आणि पुढचे सगळे शॉट धुकट येतात, तेही घरी गेल्यावर कळतं. वारा कुठून येतोय ते बघा आणि तो येतो त्याच बाजूला उभे राहा. दर शॉटनंतर लेन्स पुसा. मळीचा जवळचा शॉट रस तापत असताना, उकळी फुटण्याआधी घ्या. तेव्हा वाफ कमी असते आणि फेस स्पष्ट दिसतो. पाक झाला की काहिल उतरवून वाफ्यात (पाक थंड करायच्या हौदात) ओततात, ते दृश्य क्षणात होऊन जातं. एक आदण (एका वेळी काहिलीत उकळणारा रस) हुकलं की पुढच्यासाठी दोन-तीन तास बसावं लागतं. काहिल हलताना वाटेत उभं राहायचं नाही. तापलेला पाक अंगावर उडाला तर कातडी सोलते, आणि व्हिडिओपायी कामगारांच्या पायांत यायचा तुम्हाला काही अधिकार नाही.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर कारण आपली ५० हर्ट्झची वीज. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. नसेल तर खिडकीच्या उजेडात जा. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे नको, बाजूला हवी.

दुसऱ्याला बोलतं करताना आधी मोबाइल खिशात ठेवून गप्पा मारा. मग "मामा, मगाशी जे सांगितलंत तेच परत सांगा की, तुमच्या भाषेत" एवढंच म्हणा. "भेंडी चांगली असते ना?" असं विचारलं तर "होय" एवढंच मिळेल. "पोरीनं चुकीच्या वेळी घातलं ते तुम्हाला कशावरून कळलं?" असं विचारलं तर ते फेसाचा रंग, वास, झाऱ्याला चिकटणं असं सगळं सांगतील, आणि तो तुमच्या व्हिडिओतला सगळ्यात चांगला अर्धा मिनिट असेल. त्यांचं बोलणं घाण्यापासून लांब, शेडच्या मागे घ्या. ते बोलत असताना मधेच "हो, हो" करू नका. तुमचा आवाज त्यांच्या वाक्यावर बसतो.

तपासा : तिथून निघण्याआधी प्रत्येक शॉट उघडून बघा आणि फाइल्स दुसऱ्या जागी उतरवा. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं तर दर्जा पडतो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

## पायरी ७ : संकलन

क्रम तोच. आधी पूर्ण आवाज ओळीने लावा आणि डोळे मिटून ऐका. गोष्ट नुसत्या आवाजावर कळली पाहिजे. मग यादीप्रमाणे चित्रं बसवा. मग जागेचे खरे आवाज हळू टाका: घाणा, फेसाची रटरट. संगीत सगळ्यात शेवटी, आणि नसलं तरी चालतं. घ्यायचं झालं तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या. गाजलेलं चित्रपटगीत टाकलं की कॉपीराइटचा दावा आलाच समजा.

सॉफ्टवेअरवरून वाद घालत बसू नका. मोबाइलवर कीनमास्टर चालतं, पण त्याच्या मोफत आवृत्तीत पडद्यावर शिक्का राहतो आणि काही स्पर्धांत तो चालत नाही. संगणकावर शॉटकट पूर्ण मोफत आहे आणि साध्या मशीनवर चालतं. डाविंची रिझॉल्व्ह ताकदीचं आहे, मात्र त्याला दणकट संगणक लागतो.

आलेख एकच ठेवा, पाच-सहा सेकंद स्थिर ठेवा, आणि मोबाइलच्या पडद्यावर अक्षरं वाचता येतात का बघा. प्रबंधातला आलेख जसाच्या तसा चिकटवला तर ती वाचता येत नाहीत. दोन रेघा आणि दोन शब्द असा नवा काढा.

## पायरी ८ : उपशीर्षकं

पुष्कळ जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून उपशीर्षकं हवीतच. इथे मराठीचा खास घोळ होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संकलनात चिकटवला की निरर्थक चिन्हं उमटतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा फॉन्ट निवडा. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. "विद्यार्थिनी", "प्रक्रिया", "गुऱ्हाळ" हे तीन शब्द आधी टाइप करून बघा. ते नीट उमटले तर बाकी सगळं उमटतं. एकावेळी दोनच ओळी.

सावध : आपोआप तयार झालेली उपशीर्षकं न वाचता ठेवू नका. "मळी" ची "माळी" व्हायला वेळ लागत नाही.

## पायरी ९ : पाठवण्याआधी

एकदा आवाज बंद करून बघा, एकदा पडद्याकडे पाठ करून ऐका. मग गाइडना दाखवा, आणि ज्यांची मुलाखत घेतली त्यांनाही. गुळव्यांनी "हे वाक्य काढ बाई" म्हटलं तर काढा, सही असली तरी.

वेळमर्यादा तीन मिनिटांची असेल तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर थांबा. फाइलला "फायनल-फायनल-२" असं नाव देऊ नका. नाव, विभाग आणि वर्ष टाका. यूट्यूबची लिंक द्यायची असेल तर व्हिडिओ "प्रायव्हेट" ठेवू नका, परीक्षकांना तो उघडतच नाही; "अनलिस्टेड" ठेवा. गूगल ड्राइव्हवरून देत असाल तर लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल असं सेटिंग करा. मग ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर, तुमचं खातं नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून शेवटपर्यंत चालवा. मूळ चित्रण, मूळ आवाज आणि संमतीचे कागद निकाल लागेपर्यंत पुसू नका. बऱ्याचदा आयोजक नंतर छोटी किंवा उभी आवृत्ती मागतात.